पुलाचे आयुष्य भेगेच्या रुंदीत

पावसाळ्यात एखाद्या जुन्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलात, तर एकदा वर नजर टाका. स्लॅबच्या पोटावर पांढरट ओघळ दिसतात, काही ठिकाणी तांबूस डाग असतात, तर कुठे काँक्रीटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई उघडी पडलेली असते. पांढरा ओघळ म्हणजे पाण्याने सिमेंटमधला चुना विरघळवून बाहेर आणला आहे. तांबूस डाग म्हणजे तेच पाणी सळईपर्यंत पोचले आहे. वर रस्त्यावर पडलेला पाऊस स्लॅबमधून वाट काढत खाली उतरतो आहे, हेच या दोन्ही खुणा सांगतात.

ज्या स्लॅबवरून आपली गाडी धावते, त्याला पूल बांधणारे ‘डेक’ म्हणतात. पुलाच्या सगळ्या भागांत सर्वांत जास्त हाल याचेच होतात. खांब सावलीत असतात, तुळया डेकच्या आडोशाला असतात. ऊन, पाऊस आणि प्रत्येक चाकाचा दणका मात्र डेक थेट सोसतो. म्हणूनच अनेक देशांत पुलाचे खांब आणि तुळया धडधाकट असताना डेक मात्र उखडून नवा टाकावा लागतो. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या पादचारी पुलाचा स्लॅब गर्दीच्या वेळी कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. पायाखालचा तेवढा पातळ भाग किती मोलाचा असतो, हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळले.

हा डेक अधिक टिकाऊ कसा करायचा, यावर जगभर गेली तीन-चार दशके काम चालू आहे. त्यातली एक महत्त्वाची वाट काँक्रीटमध्ये तंतू मिसळण्याची आहे. या तंतूंना बोलीभाषेत आपण ‘फायबर’ म्हणतो. ते नेमके काय करतात आणि काय करत नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याबद्दल गैरसमजही पुष्कळ आहेत.

गंजाची वाट

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा असते. एक मीटर लांबीचे साधे काँक्रीट ओढले, तर सुमारे ०.१ मिलिमीटर लांबल्यावर ते तडकते. म्हणून जिथे ताण येतो तिथे आपण पोलादी सळया घालतो. काँक्रीट दाब घेते, सळई ताण घेते. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरची बांधकामे या जोडीवर उभी आहेत.

सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित राहते ती काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, १२ ते १३ असतो. अशा वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अगदी पातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज रोखला जातो. हे संरक्षण दोन गोष्टी मोडतात. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू आत शिरून काँक्रीटचा अल्कधर्म कमी करतो. दुसरे म्हणजे मिठातले क्लोराइड. ते तो संरक्षक थर ठिकठिकाणी फोडते. त्यानंतर पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो, काँक्रीट फुटते, नवी भेग पडते आणि तिच्यातून आणखी पाणी आत येते.

थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथले डेक लवकर खराब होतात. आपल्याकडे मीठ समुद्राच्या वाऱ्याबरोबर येते. गोव्यात मांडवी नदीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत पोलादाला लागलेला गंज हे त्यामागचे मोठे कारण मानले गेले. तिथे दोष डेकमधल्या सळयांचा नव्हता, हे खरे. पण पाणी, मीठ, भेग आणि गंज ही साखळी पुलाच्या कोणत्याही भागात सारखीच चालते. या साखळीतली भेग ही कडी ढिली करता आली, तर पुढचे बरेचसे टळते.

तणसापासून पोलादी तंतूपर्यंत

तंतू मिसळण्याची कल्पना नवी नाही. मातीच्या भिंतींना गिलावा करताना त्यात तणस, भुसा, शेण कालवण्याची रीत आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाळताना माती आकसते आणि तडकते. तणसाच्या काड्या त्या तड्याला सांधून धरतात. सिमेंटच्या बाबतीत याचा शास्त्रीय पाया १९६० च्या दशकात घातला गेला. अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि गॉर्डन बॅटसन यांनी १९६३ साली काँक्रीटमध्ये जवळजवळ बसवलेल्या बारीक पोलादी तारा भेगेची वाढ कशी रोखतात, हे मांडले.

आज वापरले जाणारे तंतू अनेक प्रकारचे आहेत. पोलादी तंतू साधारण ३० ते ६० मिलिमीटर लांब आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतात. त्यांची टोके बहुतेकदा आकड्यासारखी वाकवलेली असतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू दोन जातींचे मिळतात. केसासारखे बारीक, आणि सळईची काही कामे करू शकतील असे जाड. याशिवाय काचेचे आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे तंतू आहेत.

भेग पडण्याआधी तंतू फारसे काही करत नाहीत. काँक्रीटची दाब सोसण्याची ताकदही त्यांच्यामुळे विशेष वाढत नाही. त्यांचे काम भेग पडल्यानंतर सुरू होते. भेगेच्या एका काठात रुतलेला तंतू दुसऱ्या काठातही रुतलेला असतो. भेग रुंदावू लागली की तो टाक्यासारखा दोन्ही काठांना धरून ठेवतो आणि घासत, अडखळत, हळूहळू बाहेर ओढला जातो. वाकवलेले टोक सरळ होताना आणखी जोर खाते. तंतू पटकन तुटण्यापेक्षा असा सावकाश सुटणे चांगले, कारण त्यात बरीच ऊर्जा खर्च होते. साधे काँक्रीट फाटकन तुटते. तंतू असलेले काँक्रीट वाकते, कुरकुरते, पण एकदम हात सोडत नाही.

पोलादी तंतूच गंजले तर काय, अशी शंका येईल. पृष्ठभागावरचे तंतू खरेच गंजतात आणि डाग पडतात. पण तंतू सुटेसुटे असल्याने गंज एकावरून दुसऱ्यावर पसरत नाही. ते इतके बारीक असतात की त्यांच्या फुगण्याने काँक्रीट फुटत नाही. जाड आणि अखंड सळईची गोष्ट वेगळी असते.

एका भेगेच्या पाच भेगा

टिकाऊपणाचे गुपित एका साध्या गणितात आहे. सपाट फटीतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनाच्या हिशेबाने बदलते. रुंदी निम्मी केली की पाणी निम्मे होत नाही, आठवा हिस्सा होते. खरी भेग खडबडीत आणि नागमोडी असते, त्यामुळे आकडे काहीसे बदलतात, पण नियमाचा रोख तोच राहतो.

आता समजा, स्लॅबला ताण आल्याने ०.५ मिलिमीटर रुंदीची एक भेग पडली. तंतूंमुळे तोच ताण ०.१ मिलिमीटरच्या पाच भेगांत वाटला गेला. एकूण फट तेवढीच राहिली. पण प्रत्येक बारीक भेगेतून जाणारे पाणी मोठ्या भेगेच्या तुलनेत १२५ वा हिस्सा झाले आणि पाचही मिळून फक्त २५ वा हिस्सा. भेगांची संख्या पाचपट झाली, पाणी मात्र पंचविसाव्या हिश्श्यावर आले. त्यातही ०.१ मिलिमीटरच्या आसपासच्या किंवा त्याहून बारीक भेगा ओलाव्यात बऱ्याचदा आपोआप बुजतात, कारण शिल्लक राहिलेले सिमेंट पाण्याशी संयोग पावते आणि फटीत कॅल्शियम कार्बोनेट साचते.

भारतीय मानक आयएस ४५६ मध्येही याच तर्काने मर्यादा घातल्या आहेत. सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालते. सतत ओलावा असलेल्या भागासाठी ती मर्यादा ०.२ आणि अधिक आक्रमक वातावरणासाठी ०.१ मिलिमीटर आहे. भेगच पडू नये असा हट्ट मानकही धरत नाही; ती बारीक राहावी एवढाच आग्रह धरते. तंतूंचे काम नेमके हेच आहे.

सळईविना डेक

कॅनडातल्या अभियंत्यांनी याच्याही पुढचा प्रश्न विचारला: गंज सळईलाच लागतो, तर डेकमधून सळईच काढून टाकली तर?

हे धाडसी वाटले तरी त्यामागे जुने निरीक्षण होते. दोन तुळयांच्या मधल्या स्लॅबवर चाक उभे राहते, तेव्हा तो फळीसारखा नुसता वाकत नाही. त्याच्या आत एक चपटी कमान तयार होते आणि भार दाबाच्या रूपाने दोन्ही तुळयांकडे जातो. पुस्तकांची रांग दोन्ही हातांनी बाजूंनी घट्ट दाबली, तर अख्खी रांग अधांतरी उचलता येते; तसेच काहीसे. अट एकच, दाबणारे हात लांब सरकता कामा नयेत. म्हणजेच तुळया एकमेकींपासून दूर जाऊ नयेत.

नोव्हा स्कॉशिया प्रांतात हॅलिफॅक्स येथे आफताब मुफ्ती, लेस्ली येगर, बैदर बख्त आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याचे प्रयोग केले. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घातलेले, सळई नसलेले स्लॅब त्यांनी भार वाढवत फोडून पाहिले. तुळया खालून पोलादी पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या, तेव्हा स्लॅबने पेललेला भार दुपटीहून अधिक झाला. १९९५ साली तिथल्याच सॅमन नदीवरच्या महामार्ग पुलावर ही कल्पना प्रत्यक्षात आली. पुलाच्या दोन गाळ्यांपैकी एकावर नेहमीचा सळयांचा डेक टाकला आणि दुसऱ्यावर २०० मिलिमीटर जाडीचा, आत एकही सळई नसलेला तंतुयुक्त काँक्रीटचा डेक.

इथे पोलाद पूर्णपणे गेले नाही, त्याची जागा बदलली. खारट पाणी झिरपते त्या स्लॅबच्या पोटातून ते बाहेर आले आणि डेकच्या खाली, तुळयांच्या मध्ये पट्ट्यांच्या रूपात बसले. तिथे ते डोळ्यांना दिसते, रंगवता येते, वेळ पडल्यास बदलता येते. काँक्रीटच्या आत गंजणारी सळई मात्र फुटून बाहेर पडेपर्यंत कुणाला दिसत नाही.

प्रयोगाची दुसरी बाजूही पाहायला हवी. काही काळाने या डेकमध्ये दोन तुळयांच्या मधोमध लांबच लांब भेगा दिसू लागल्या. कमानीमुळे डेक भार पेलत राहिला, ताकदीला धोका नव्हता. पण नुसते थोडे प्लास्टिकचे तंतू वाहतुकीच्या आणि तापमानाच्या ताणाखाली भेग पुरेशी बारीक ठेवू शकत नाहीत, हे कळले. म्हणून पुढच्या पिढीच्या डेकमध्ये काचतंतूंच्या, म्हणजेच न गंजणाऱ्या, सळयांची विरळ जाळी भेगा आवरण्यासाठी घालण्यात आली. ताकद आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा धडा त्या पुलाने दिला.

जिथे पाणी, तिथे तंतू

दुसरी वाट महाग पण अधिक सक्षम साहित्याची आहे. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात असे सिमेंट-मिश्रण विकसित केले, ज्यात आकारमानाने सुमारे २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे तंतू असतात आणि मोठी खडी नसते. ते ओढले तर एका मोठ्या भेगेऐवजी केसाहून बारीक अशा असंख्य भेगा पडतात. साधे काँक्रीट मीटरला ०.१ मिलिमीटर लांबून तडकते. हे मीटरला ३ सेंटिमीटर आणि त्याहूनही अधिक लांबू शकते. २००५ साली मिशिगनमधल्या इप्सिलांटी शहरात ग्रोव्ह स्ट्रीट पुलावर ते वापरले गेले, आणि तेही डेकच्या सर्वांत नाजूक जागी.

ही जागा आपल्या चांगल्या परिचयाची आहे. पुलावर गाडी ठरावीक अंतराने ‘धडधड’ करते, ते दोन गाळ्यांमधले जॉइंट. तापमानानुसार डेक लांबतो-आकसतो, म्हणून ही फट ठेवावी लागते. पण तिचे रबर आणि लोखंड झिजले की पाणी थेट तुळईच्या टोकावर आणि खांबाच्या माथ्यावर पडते. मिशिगनमध्ये जुना जॉइंट काढून तिथे या लवचीक मिश्रणाचा सलग पट्टा टाकला. आता लांबणे-आकसणे त्या पट्ट्यातल्या असंख्य बारीक भेगा सामावून घेतात, पण पाण्याला खाली वाट मिळत नाही.

तिसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. लेक जिनिव्हाच्या काठाने जाणारे शियों येथील जोडपूल १९६० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले. त्यांची लांबी दोन किलोमीटरहून थोडी अधिक आहे. त्यांच्या काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंटमधल्या अल्कलींची घातक अभिक्रिया सुरू झाल्याचे आढळले. ही अभिक्रिया पाण्यावर चालते, म्हणजे पाणी तोडले की तिचा वेग मंदावतो. २०१४ आणि २०१५ साली या पुलांच्या डेकवर पोलादी तंतू ठासून भरलेल्या अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटचा अवघ्या ४-५ सेंटिमीटर जाडीचा थर टाकण्यात आला. अशा काँक्रीटमध्ये पाणी जवळजवळ शिरतच नाही. पूल पाडावा लागला नाही. त्याला वरून रेनकोट मिळाला आणि थोडी जास्तीची ताकदही.

असे काँक्रीट नेहमीच्या काँक्रीटपेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून अख्खा पूल त्याचा बांधण्यापेक्षा पाणी आणि भार जिथे एकत्र येतात तेवढ्याच जागी ते वापरायचे, हे तिथले धोरण आहे. जॉइंट आणि डेकचा वरचा थर या दोन जागा त्यात पहिल्या येतात.

आपल्या पुलांसाठी

भारतात तंतुयुक्त काँक्रीट बोगद्यांच्या अस्तरात, कारखान्यांच्या फरशीत आणि रस्त्यांत वापरले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये तंतुयुक्त काँक्रीटच्या रस्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. डेकसाठी त्याचा विचार करताना आपल्या हवामानातल्या काही गोष्टी आधी लक्षात घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट, आपल्याकडचे बरेच डेक पहिल्याच दिवशी तडकतात. मार्च ते मे महिन्यांत भर उन्हात, वाऱ्यात स्लॅब ओतला की पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते. दर चौरस मीटरला ताशी एक किलोच्या आसपास बाष्पीभवन झाले, तर काँक्रीट घट्ट होण्याआधीच आकसून त्यावर भेगांचे जाळे पडण्याचा धोका असतो. केसासारखे बारीक पॉलिप्रॉपिलीन तंतू या पहिल्या काही तासांत उपयोगी पडतात. घनमीटरला किलोभरापेक्षा थोडे कमी घातले तरी फरक दिसतो. पण त्यांचे काम तेवढेच. काँक्रीट कडक झाल्यानंतर ट्रकच्या भाराने पडणारी भेग ते धरू शकत नाहीत. त्यासाठी जाड प्लास्टिकचे किंवा पोलादी तंतू लागतात. पोलादी तंतूंचे प्रमाण घनमीटरला २० ते ४० किलो, आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त असते. ‘फायबर टाकले आहे’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. कोणते, किती आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय ते फक्त आश्वासन ठरते.

दुसरी गोष्ट मिसळण्याची. तंतू एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात आणि स्लॅबमध्ये ते गोळे पोकळीसारखे राहतात. तंतू घातल्यावर मिश्रण ताठर होते आणि पसरायला जड जाते. अशा वेळी साइटवर वरून पाणी घालण्याचा मोह होतो. त्या जास्तीच्या पाण्याने काँक्रीट सच्छिद्र होते आणि तंतूंनी मिळवलेले सगळे हातचे जाते. पाण्याऐवजी प्रवाहीपणा वाढवणारे रसायन प्रमाणात वापरणे आणि तंतू सावकाश सोडणे, हा त्यावर उपाय आहे. पोलादी तंतू हाताळताना हातमोजे आणि चष्माही हवा. डोळ्याला आणि त्वचेला होणाऱ्या इजा अगदी साध्या काळजीने टळतात.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सळईवर पुरेशा जाडीचे काँक्रीट, ओतल्यानंतर नीट पाणी मारणे, आणि डेकवरचे पाणी वाहून नेणारे नळ मोकळे ठेवणे. पुलाच्या कडेला माती साचून नळ बुजले की पावसाचे पाणी तासन्‌तास डेकवर उभे राहते. तंतूंनी भेगेची रुंदी कमी केली, तरी पाण्याला थांबायला दिलेला वेळ आपणच वाढवत असतो. पावसाळ्यापूर्वी फावडे आणि घमेले घेऊन केलेली साफसफाई कोणत्याही महागड्या मिश्रणाइतकीच पुलाचे आयुष्य वाढवते.

शेवटी मोजमापाचा प्रश्न उरतो. आपल्याकडे काँक्रीट चांगले की वाईट, हे मुख्यतः १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून ठरवले जाते. ही चाचणी आवश्यक आहे, पण तंतूंचा गुण तिच्यात दिसतच नाही, कारण तो गुण दाब सोसण्याचा नाही, तडकल्यानंतर धरून ठेवण्याचा आहे. तो मोजण्यासाठी खाच पाडलेली लहान तुळई सावकाश वाकवतात आणि भेग ठरावीक रुंदीची झाल्यावर ती अजून किती भार पेलते, हे पाहतात. आपल्या शहरात पुलाच्या डेकची दुरुस्ती निघाली आणि त्यात फायबर वापरल्याचे फलकावर लिहिलेले दिसले, तर नगरसेवकाला किंवा अभियंत्याला दोनच प्रश्न विचारावेत: तडकल्यानंतरच्या ताकदीची चाचणी घेतली का? आणि पहिल्या पावसाळ्यानंतर भेगांची रुंदी कोण मोजणार आहे?